देह, आत्मा आणि अखेरचा क्षण : कॅथलिक मताची धम्मदृष्टीने समीक्षा

१. प्रस्ताव

आत्मा मानणारे सर्व धर्म मृत्यूविषयी एकच गोष्ट सांगतात, असा समज आपल्या अभ्यासवर्तुळांत बराच रूढ आहे. शरीर हे वस्त्र, आत्मा हा ते पांघरणारा आणि मृत्यू म्हणजे जीर्ण वस्त्राचा त्याग, ही कल्पना आपल्या भोवतालच्या समाजात इतकी भिनली आहे की, कोणत्याही धर्मात 'आत्मा' हा शब्द आढळला की तेथेही हाच अर्थ असणार असे गृहीत धरले जाते. कॅथलिक पंथाच्या बाबतीत हे गृहीत टिकत नाही. पूर्वपक्ष चुकीचा मांडून केलेले खंडन कितीही आवेशपूर्ण असले, तरी ते प्रतिपक्षाला स्पर्शही करीत नाही. 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात राजाची शंका पूर्णपणे मांडली जाते आणि मगच नागसेन थेर उत्तर देतात. तीच शिस्त येथे पाळण्याचा आमचा प्रयत्न आहे.

या विषयाकडे वळण्याचे कारण केवळ विद्वत्तेचे नाही. परमपूज्य बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात आत्म्यावरील विश्वासाची गणना अधम्मात केली आहे. इतकेच नव्हे, तर ईश्वरावरील विश्वासापेक्षाही आत्म्यावरील विश्वास अधिक घातक आहे, कारण त्यातून पुरोहितवर्ग निर्माण होतो आणि जन्मापासून मरणापर्यंत माणूस त्याच्या ताब्यात जातो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हे प्रतिपादन वैदिक परंपरेला लागू पडते हे आपण अनुभवाने जाणतो. परंतु ज्या परंपरेने पुनर्जन्म नाकारला आणि देहाला तुच्छ मानण्यास नकार दिला, तिलाही ते लागू पडते काय? हा प्रश्न आम्ही या लेखात तपासून पाहणार आहोत.

२. पूर्वपक्ष : माणूस म्हणजे केवळ आत्मा नव्हे

कॅथलिक चर्चची अधिकृत धर्मशिक्षणसंहिता पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली प्रसिद्ध केली. तिच्या ३६५व्या परिच्छेदात असे म्हटले आहे की, आत्मा हा देहाचे 'रूप' होय. देह आणि आत्मा ही जोडलेली दोन द्रव्ये नसून त्यांच्या ऐक्यातून एकच मानवी प्रकृती सिद्ध होते. 'रूप' हा येथे ॲरिस्टॉटलच्या तत्त्वज्ञानातील पारिभाषिक शब्द आहे. ज्याच्यामुळे जड द्रव्याला अमुक एक जिवंत वस्तूपण लाभते, ते रूप. आपल्या नामरूपातील 'रूप' या पदाशी त्याची गल्लत होऊ देऊ नये. ही व्याख्या नवी नाही. १३१२ साली व्हिएन येथील धर्मपरिषदेने ती बंधनकारक ठरविली, आणि तिच्यामागे तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस या तत्त्ववेत्त्याचे चिंतन होते.

या मतानुसार प्रत्येकाचा आत्मा ईश्वर स्वतंत्रपणे निर्माण करतो. तो अनादी नाही, परंतु अमर मात्र आहे. मरणसमयी तो देहापासून विलग होतो आणि त्याच क्षणी त्याचा व्यक्तिगत न्याय होतो. पूर्ण शुद्ध असेल तर स्वर्ग, शुद्धीस पात्र असेल तर शुद्धिस्थान, आणि ईश्वराला अखेरपर्यंत नाकारले असेल तर नरक, अशा तीन गती सांगितल्या आहेत. मात्र ही अवस्था अपूर्ण मानली जाते. जगाच्या अंती सर्व मृतांचे देह उठविले जातील, आत्मे आपापल्या देहांशी पुन्हा एकरूप होतील आणि अंतिम न्याय होईल. प्रत्येकजण आज धारण केलेल्या स्वतःच्याच देहासह उठेल, असे १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने घोषित केले. एका जन्मानंतर दुसरा जन्म नाही, हे संहितेच्या १०१३व्या परिच्छेदात निःसंदिग्धपणे नमूद आहे.

यातील दोन गोष्टींची नोंद आपण प्रांजळपणे घेतली पाहिजे. पहिली अशी की, या मतात पूर्वजन्मीच्या कर्माला स्थान नाही. एखादा माणूस दरिद्री किंवा अस्पृश्य कुळात जन्मला तो मागील जन्मीच्या पापाने, असे म्हणण्याची सोय कॅथलिक सिद्धांतात नाही. चातुर्वर्ण्याचा तात्त्विक आधार असलेली ही फट तेथे मुळातच बंद आहे. दुसरी गोष्ट अशी की, देह हा तुरुंग किंवा वस्त्र आहे, हे प्लेटोच्या परंपरेतील मत चर्चने स्वीकारले नाही. पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील पंधराव्या अध्यायावर भाष्य करताना अक्वायनसने तर असे स्पष्ट म्हटले आहे की, आत्मा हा संपूर्ण माणूस नव्हे, माझा आत्मा म्हणजे मी नव्हे. म्हणून केवळ आत्म्याचा उद्धार झाला तर माझा वा कोणाही माणसाचा उद्धार झाला असे होत नाही.

हे वाक्य बौद्ध वाचकाने थांबून विचारात घ्यावे असे आहे. आत्मवादी परंपरेच्या ऐन मध्यभागी एक श्रेष्ठ आत्मवादी सांगतो की, देहावाचून 'मी' उरत नाही. बाबासाहेबांनीही विज्ञान हे देहासोबत उत्पन्न होते आणि देहासोबतच नष्ट होते असे सांगताना विद्युत्क्षेत्राबरोबर निर्माण होणाऱ्या चुंबकीय क्षेत्राची उपमा दिली आहे. दोघांच्याही मते चैतन्य हे घरातील भाडेकरूसारखे देहात राहावयास येत नाही. मतभेद सुरू होतो तो यापुढे. देह मोडला की त्याचे रूपही संपावे, हा या विचाराचा सरळ निष्कर्ष होता. बाबासाहेब तेथपर्यंत जातात. अक्वायनस मात्र उंबरठ्यावर थांबतो आणि सांगतो की, मानवी आत्मा हे असे एकमेव रूप आहे, जे देह गेल्यावरही टिकून राहते.

३. मधल्या काळाचा पेच

येथून कॅथलिक विचारातील मूळ अडचण सुरू होते. मृत्यू आज झाला. पुनरुत्थान जगाच्या अंती होणार. या दोहोंमधील काळात कोण आहे?

हा प्रश्न आम्ही बाहेरून लादलेला नाही. तो चर्चच्या इतिहासातच एकदा मोठ्या तीव्रतेने उपस्थित झाला होता. पोप बाविसावे जॉन यांनी १३३१ साली सर्व संतांच्या सणापासून आव्हिन्यों येथे दिलेल्या प्रवचनांत असे मत मांडले की, पुण्यवानांच्या आत्म्यांना ईश्वराचे प्रत्यक्ष दर्शन अंतिम न्यायापूर्वी घडत नाही; तोवर ते प्रतीक्षेत असतात. या मताला एक तर्कशुद्धता होती. माणूस जर देहासह माणूस असेल, तर त्याला पूर्ण सुख देहासहच मिळावे. परंतु पॅरिसच्या धर्मपंडितांनी त्यास कडाडून विरोध केला. लोक संतांची प्रार्थना करीत होते. ते संत अद्याप ईश्वरासन्निध पोहोचलेच नाहीत असे मानले, तर त्या प्रार्थनेचे काय होणार? डिसेंबर १३३४ मध्ये मृत्युशय्येवर असताना या पोपने आपले मत मागे घेतले. त्यांचे उत्तराधिकारी बारावे बेनेडिक्ट यांनी २९ जानेवारी १३३६ रोजी आज्ञापत्र काढून निर्णय दिला की, शुद्ध आत्म्यांना मरणोत्तर तत्काळ ईश्वरदर्शन घडते.

या निर्णयाने एक प्रश्न सुटला आणि दुसरा बळावला. देहाविना आत्म्याला पूर्ण आनंद मिळतच असेल, तर पुनरुत्थानाने त्यात कोणती भर पडणार? आणि भर पडणार असेल, तर पूर्वीचा आनंद पूर्ण कसा? अक्वायनसचे अनुयायी आजही या मुद्द्यावर दुभंगलेले आहेत. एक पक्ष म्हणतो, मृत्यूने व्यक्ती संपते, केवळ आत्मा उरतो आणि पुनरुत्थानसमयी ती व्यक्ती पुन्हा अस्तित्वात येते. दुसरा म्हणतो, आत्म्याच्या आधारे ती व्यक्तीच टिकून राहते.

विसाव्या शतकात जर्मन भाषक धर्मपंडितांपैकी काहींनी हा पेच सोडविण्यासाठी मधला काळच काढून टाकण्याचा प्रयत्न केला. मृत्यूच्या क्षणीच पुनरुत्थान घडते, असे गिस्बर्ट ग्रेशाके आणि गेरहार्ड लोफिंक यांनी प्रतिपादले. पुढे पोप झालेले योसेफ राट्झिंगर यांनी १९७७ सालच्या आपल्या ग्रंथात त्यास विरोध केला. थडग्यात देह पडलेला दिसत असताना तो उठला आहे असे म्हणणे म्हणजे देहालाच अर्थशून्य करणे होय, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता, आणि तो आम्हांस रास्त वाटतो. १९७९ साली व्हॅटिकनच्या धर्मसिद्धांत विभागाने पत्रक काढून चर्चची भूमिका पुन्हा मांडली : जाणीव आणि इच्छा असलेले एक आत्मिक तत्त्व मरणोत्तर टिकते आणि त्यायोगे मानवी 'मी' टिकतो.

आता ही दोन विधाने शेजारी ठेवून पाहावीत. अक्वायनस म्हणतो, माझा आत्मा म्हणजे मी नव्हे. १९७९चे पत्रक म्हणते, आत्मा टिकतो म्हणून मी टिकतो. कॅथलिक भाष्यकार यावर उत्तर देतात की, विलग झालेला आत्मा आपल्या देहाची ओढ बाळगून असतो आणि त्या ओढीमुळेच तो अमुक व्यक्तीचा आत्मा ठरतो. हे उत्तर सूक्ष्म आहे, पण पुरेसे नाही. शुद्धिस्थानात जर अक्वायनसच्या अर्थाने 'मी' नाही, तर तेथे दंड भोगतो कोण? आणि जर 'मी' तेथे आहे, तर देहाला माणसाचा अविभाज्य भाग म्हणण्यात कोणता अर्थ उरला?

हा पेच कॅथलिकांपुरता मर्यादित नाही, हेही सांगितले पाहिजे. आपल्या परंपरेतही तो वेगळ्या रूपाने उभा राहिला. सातीनामक भिक्खूने एकच विज्ञान जन्मोजन्मी धावत राहते असे म्हटले, तेव्हा तथागतांनी त्याची कडक शब्दांत कानउघाडणी केल्याचे मज्झिमनिकायात नमूद आहे. पुढे वज्जिपुत्तकांनी 'पुग्गल' मानला, सर्वास्तिवाद्यांनी मरण आणि पुनर्भव यांमध्ये 'अंतराभव' मानला. थेरवादी 'कथावत्थु'ने या दोन्हींचे खंडन केले. नैतिक जबाबदारीला वाहून नेणारा कोणीतरी असलाच पाहिजे, या आग्रहातून असे वाहक पुन्हा पुन्हा कल्पिले जातात. कॅथलिकांचा विलग आत्मा हा त्याच आग्रहाचे अपत्य होय.

४. कणांचा प्रश्न : ऑगस्टीन आणि बाबासाहेब

पुनरुत्थानाचा दुसरा पेच भौतिक स्वरूपाचा आहे. देहाचे कण मातीत, पाण्यात, वनस्पतींत मिसळतात आणि तेथून दुसऱ्यांच्या देहांत जातात. पाचव्या शतकात संत ऑगस्टीन यांनी 'ईश्वरनगरी' या ग्रंथाच्या बाविसाव्या खंडात एक विदारक उदाहरण घेतले आहे. दुष्काळात एखाद्या भुकेल्या माणसाने मेलेल्याचे मांस खाल्ले, तर ते मांस पुनरुत्थानसमयी कोणाचे? त्यांचे उत्तर असे की, ते मूळ धन्याला परत मिळेल, आणि खाणाऱ्याचे जे उणे होईल ते सर्वशक्तिमान ईश्वर भरून काढील.

बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या चौथ्या खंडात पुनर्जन्माची चर्चा करताना जवळपास हाच प्रश्न निराळ्या बाजूने विचारला आहे. पुनर्जन्म कशाचा, हा त्यांचा पहिला प्रश्न; पुनर्जन्म कोणाचा, हा दुसरा. देह पृथ्वी, आप, तेज आणि वायू या चार भूतांचा बनलेला आहे. मरणानंतर ती भूते आकाशात सामावलेल्या आपापल्या समूहांत मिसळतात; या अर्थाने त्यांचा नाश होत नाही आणि पुनर्भव घडतो. पण निरनिराळ्या मृतांचे अंश मिसळून नवा देह बनला, तर तो त्याच व्यक्तीचा पुनर्जन्म नव्हे. त्याच मृताचे सर्व अंश नेमके पुन्हा एकत्र आले, तरच तीच व्यक्ती परत आली असे म्हणता येईल.

ऑगस्टीन आणि बाबासाहेब यांना एकच अडचण दिसली. त्याच व्यक्तीच्या पुनरागमनासाठी तेच घटक हवेत, आणि निसर्ग घटकांची मालकी राखून ठेवीत नाही. या ठिकाणी ऑगस्टीन ईश्वराच्या सामर्थ्याकडे वळतात. बाबासाहेब वळत नाहीत. चमत्काराने प्रश्न मिटतो हे खरे, पण तो सुटत नाही. चर्चलाही याची जाणीव असावी. कसे, हे मानवी बुद्धीच्या पलीकडचे आहे, असेच त्यांची संहिता शेवटी सांगते.

५. हिशेब आणि पौरोहित्य

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. आत्म्यावरील विश्वासातून पुरोहिताची सत्ता निर्माण होते काय?

शुद्धिस्थानाचा इतिहास या प्रश्नाला होकारार्थी उत्तर देतो. शुद्धिस्थानातील आत्म्यांना जिवंतांच्या प्रार्थनांनी, दानाने आणि मिस्साबलिदानाने साहाय्य होते, ही शिकवण १२७४च्या लिऑं आणि १४३९च्या फ्लोरेन्स परिषदेने पक्की केली. १४७६ साली पोप चौथे सिक्स्टस यांनी दंडमुक्तीचा, म्हणजे पापाच्या उरलेल्या शिक्षेतून सुटकेचा, लाभ मृतांपर्यंत पोहोचू शकतो असे घोषित केले. पुढील चाळीस वर्षांत रोममधील संत पेत्राच्या मंदिराच्या बांधकामासाठी या दंडमुक्त्यांचा जो बाजार जर्मनीत भरला, त्याविरुद्ध १५१७ साली मार्टिन ल्यूथर यांनी आवाज उठविला. आईबापांचा आत्मा आगीत तळमळत आहे, पैसे टाका म्हणजे सुटेल, असे ऐकल्यावर कोणता गरीब मुलगा खिसा रिकामा करणार नाही? पिंडदान घेणारा भट आणि दंडमुक्ती विकणारा प्रचारक यांच्यात या ठिकाणी फरक करणे कठीण आहे.

न्यायबुद्धीने हेही नोंदविले पाहिजे की, चर्चने स्वतःच पुढे याला आवर घातला. १५६३ साली ट्रेंट परिषदेने शुद्धिस्थानाच्या नावाने चालणारा अंधविश्वास व द्रव्यलोभ यांना मनाई केली आणि १५६७ साली पोप पाचवे पायस यांनी पैशाशी निगडित दंडमुक्त्या रद्द केल्या. परंतु रोगाचे लक्षण गेले, कारण राहिले. मृताचे भवितव्य अजून अनिश्चित आहे आणि ते सुधारण्याचा मार्ग वेदीवरून जातो, ही रचना कायम आहे. दरवर्षी २ नोव्हेंबर हा दिवस मृतांच्या आत्म्यांसाठी पाळला जातो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतील सहावी प्रतिज्ञा श्राद्धपक्ष व पिंडदान नाकारते. तिच्याकडे केवळ ब्राह्मणी कर्मकांडाचा निषेध म्हणून पाहणे अपुरे आहे, असे आमचे मत आहे. मृताच्या नावाने जिवंतांवर चालणाऱ्या सर्वच सत्तांचा तो निषेध आहे. तथागतांनी स्वतःला मार्गदाता म्हणवले, मोक्षदाता म्हणवले नाही, या भेदाचा मरणाच्या बाबतीतील व्यावहारिक अर्थ हाच होय.

६. मृत्युशय्येजवळ

सिद्धांताची खरी कसोटी मरणाऱ्या माणसाच्या उशाशी लागते. तेथे कॅथलिक परंपरेचे काय दिसते?

अखेरच्या आजारात धर्मगुरू येऊन रुग्णाच्या कपाळाला व हातांना पवित्र तेल लावतात, त्याची पापकबुली ऐकतात आणि त्याला अखेरचा ख्रिस्तप्रसाद देतात. या प्रसादाच्या लॅटिन नावाचा मूळ अर्थ 'वाटेची शिदोरी' असा आहे. मध्ययुगात तेलाभ्यंगाला 'अंतिम अभ्यंग' म्हणत आणि लोक धर्मगुरूला बोलावण्यास शेवटच्या घटकेपर्यंत टाळाटाळ करीत, कारण तो आला म्हणजे मरण आले असे मानले जाई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली त्यास रुग्णांचा अभ्यंग म्हणणे अधिक उचित ठरविले, आणि १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी विधीत तदनुसार बदल केला. मरणाचा विधी पुन्हा रुग्णसेवेचा विधी झाला. हा बदल स्वागतार्ह होय.

याहून महत्त्वाची गोष्ट वैद्यकीय नीतीची आहे. १९५७ साली पोप बारावे पायस यांनी वैद्यांपुढे बोलताना दोन गोष्टी मान्य केल्या. वेदनाशामक औषधाने आयुष्य थोडे कमी होण्याचा संभव असला, तरी मृत्यू घडविणे हा हेतू नसेल तर ते देता येते. आणि असाधारण उपायांनी प्राण लांबविण्याचे बंधन रुग्णावर वा वैद्यावर नाही. १९८० व २०२० सालच्या व्हॅटिकनच्या निवेदनांनी हीच भूमिका पुढे चालविली आणि त्याच वेळी हेतुपुरस्सर मृत्यू घडविण्यास विरोध केला. यंत्रांच्या गराड्यात माणसाचे मरण हरवत चालले असताना ही भूमिका विवेकी आहे. आपणही तिचा अभ्यास करावा.

तरीही एक मूलभूत फरक उरतो. मज्झिमनिकायातील अनाथपिण्डिकोवाद सुत्तात मरणासन्न अनाथपिण्डिकाकडे सारिपुत्त येतात. ते तेल आणीत नाहीत, क्षमा वाटीत नाहीत, पुढील वाटेचे आश्वासनही देत नाहीत. डोळा, कान, वेदना, विज्ञान यांना धरून न बसण्याचा उपदेश ते एकेक करून करतात. अनाथपिण्डिक रडू लागतो. आसक्तीमुळे रडतोस का, असे आनंदांनी विचारताच तो सांगतो की, आयुष्यभर संघाची सेवा करूनही असा उपदेश आजवर ऐकावयास मिळाला नव्हता; गृहस्थांनाही हा उपदेश ऐकवीत जा. कॅथलिक विधीत मरणाऱ्याला काहीतरी दिले जाते; येथे त्याला हातचे सोडावयास साहाय्य केले जाते. पाथेयाचे, म्हणजे शिदोरीचे, रूपक धम्मपदाच्या मलवग्गातही आहे; परंतु तेथे ती शिदोरी दुसऱ्याच्या हातून मिळत नाही. स्वतःचे द्वीप स्वतःच निर्माण करावे, असे ते वचन सांगते.

७. अस्थी, राख आणि दफनभूमीची भिंत

देह उठणार आहे म्हणून तो जपावा, ही भावना कॅथलिक अंत्यसंस्काराच्या मुळाशी आहे. दहन पुनरुत्थानाचा उपहास करण्यासाठी केले जाते अशा समजुतीने १८८६ साली त्यावर बंदी आली. १९६३ साली ती शिथिल झाली. २०१६ सालच्या व्हॅटिकनच्या सूचनापत्राने राख विखुरण्यास, घरी ठेवण्यास किंवा तिचे दागिने करण्यास मनाई केली. डिसेंबर २०२३ मध्ये मात्र, गैरसमज होणार नसेल तर राखेचा अल्पांश मृताला प्रिय असलेल्या ठिकाणी ठेवण्यास काही अटींवर वाव देण्यात आला. संतांच्या अस्थींचा आदरही याच श्रद्धेतून येतो. गोव्यातील बॉं जेझू चर्चमध्ये १५५२ साली निधन पावलेल्या फ्रान्सिस झेवियर यांचे पार्थिव ठेवलेले आहे. नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात ते भाविकांच्या दर्शनासाठी खुले होते.

अस्थिधातूंचा आदर आपणही करतो. दादरच्या चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला जाणारा उपासक हे जाणतो. परंतु आपल्या आदराचे कारण निराळे आहे. महापरिनिब्बान सुत्तात तथागत आनंदांना आपल्या शरीराच्या पूजेत गुंतू नका असे सांगतात, आणि स्तूपापुढे उभ्या राहणाऱ्याचे चित्त प्रसन्न होते असे सांगतात. अस्थी जिवंतांसाठी आहेत. त्या पुन्हा उठणार नाहीत.

आता सिद्धांत आणि आचार यांतील अंतर पाहा. प्रत्येक देह ईश्वराने घडविला, प्रत्येक देह उठणार, असे शिकविणाऱ्या चर्चच्या तमिळनाडूतील काही दफनभूमींत दलित ख्रिस्ती मृतांना वेगळी जागा दिली गेली. तिरुचिरापल्ली येथे तर दोन जातींच्या थडग्यांमध्ये भिंत उभी राहिली. भारतीय कॅथलिक धर्मगुरूंच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करून चर्चमधील जातिभेद हे पाप असल्याची कबुली दिली. कबुली प्रामाणिक आहे. पण जो सिद्धांत मृतांमधील भिंतही पाडू शकला नाही, तो जिवंतांमधील भिंत कशी पाडणार, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. धर्मांतरानंतरही जात टिकून राहते हे बाबासाहेबांनी भारतीय ख्रिस्ती समाजाविषयी फार पूर्वीच दाखवून दिले होते.

८. सर्वांत बळकट आक्षेप

कॅथलिक पक्षाचा सर्वांत बळकट युक्तिवाद आम्ही अखेरीस ठेवला आहे. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ सालच्या आशेविषयीच्या परिपत्रकात असे म्हटले की, शाश्वत जीवनावरील श्रद्धेच्या बाजूने सर्वांत प्रबळ कारण न्यायाचे आहे. इतिहासात जे चिरडले गेले त्यांना न्याय न मिळताच सर्व संपावे, हे मानवी मनाला पटत नाही.

हा आक्षेप आपल्याला जितका झोंबतो तितका अन्य कोणाला झोंबणार नाही. चवदार तळ्याचे पाणी १९२७ साली हातात घेतले गेले. त्यापूर्वी ज्या असंख्य पिढ्या तहानेल्या मेल्या, गावकुसाबाहेर जन्मल्या आणि गावकुसाबाहेरच पुरल्या गेल्या, त्यांचे काय? त्यांचा आत्मा नाही, त्यांना स्वर्ग नाही, त्यांचा छळ करणाऱ्यांना नरक नाही. मग त्यांचा हिशेब कोठे पूर्ण होणार?

याचे प्रामाणिक उत्तर असे की, त्यांच्यापुरता तो पूर्ण होणार नाही. धम्म येथे खोटे सांत्वन देत नाही, आणि म्हणूनच तो धम्म आहे. मेलेल्याला न्याय मिळेल असे सांगितले की, जिवंताच्या अन्यायाकडे सवडीने पाहता येते. जगाच्या अंतापर्यंत मुदत मिळते. न्याय येथेच व्हावयाचा आहे, दुसरीकडे कोठेही नाही, हे एकदा स्वीकारले की ती मुदत संपते. कर्माचे फळ एका आत्म्याच्या खात्यावर जमा होत नाही. ते समाजाच्या स्थितीत उतरते आणि पुढच्या पिढीला भोगावे लागते. कर्मनियम म्हणजे जगाची नैतिक व्यवस्था राखणारा नियम, हा बाबासाहेबांचा अर्थ येथे आपल्या उपयोगी पडतो. पूर्वजांचे ऋण फेडावयाचे तर ते त्यांच्या नातवंडांच्या जीवनातच फेडावे लागेल.

९. उपसंहार

आमचा निष्कर्ष थोडक्यात असा. माणूस देहावेगळा नाही, ही कॅथलिक विचारातील श्रेष्ठ जाणीव आहे आणि ती धम्माच्या जवळची आहे. तिच्याशीच विसंगत असा अमर आत्मा तेथे ठेवावा लागला, तो मरण आणि न्याय यांमधील रिकामी जागा भरून काढण्यासाठी. त्या रिकाम्या जागेत पौरोहित्य शिरले. बाबासाहेबांचे विधान या परंपरेलाही लागू पडते. मात्र तिने आपल्या पौरोहित्याला वेळोवेळी आवर घातला आणि रुग्णाच्या उशाशी बसण्याची रीत सोडली नाही, हेही तितकेच खरे.

ही समीक्षा इतरांपुरती राहू नये. आपल्या वस्त्यांत लागणाऱ्या श्रद्धांजलीच्या फलकांवर निळ्या अक्षरांत 'मृतात्म्यास शांती लाभो' असे अजूनही वाचावयास मिळते. हा केवळ शब्दांचा प्रमाद नव्हे. जे नाही त्याला शांती चिंतिली की, जे आहेत त्यांच्याविषयीचे कर्तव्य पार पडल्यासारखे वाटते. पुण्यानुमोदनाचा विधीही याच दृष्टीने पारखून घ्यावा. मृताच्या सद्गुणांचे स्मरण आणि त्यास अनुसरून दान, असा त्याचा अर्थ असेल तर तो धम्माचा आहे. मृताला काही पोहोचविणे, असा असेल तर तो श्राद्धाचाच नवा अवतार होय.

विनयपिटकातील महावग्गात अतिसाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडलेल्या एका भिक्खूची कथा आहे. तो संघाच्या उपयोगी पडत नव्हता, म्हणून कोणी त्याची शुश्रूषा करीत नव्हते. तथागतांनी आनंदांसह त्याला स्वतःच्या हातांनी धुतले, उचलून खाटेवर निजविले आणि मग भिक्खूंना बोलावून सांगितले की, ज्याला माझी सेवा करावयाची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी. आपल्या विहारांतून मंगल परित्राणपाठाबरोबरच आजाऱ्याच्या व मरणाऱ्याच्या शुश्रूषेचे शिक्षण देण्यास आरंभ व्हावा, अशी आमची कार्यकर्त्यांना विनंती आहे. आत्मा नाकारणाऱ्यांनी देहाची हेळसांड करून चालणार नाही. आपल्यापाशी दुसरे काही नाही.